अनोळखी यंत्रांची पत: मालक नसलेल्या जाळ्यात विश्वास कसा उभा राहतो

सोलापुरात कापडाचा धंदा बराचसा उधारीवर चालतो. परगावची नवी पार्टी चादरी-टॉवेलची मोठी ऑर्डर घेऊन कारखानदाराकडे आली, की माल ट्रान्सपोर्टला जाण्याआधी दोन-तीन फोन होतात. ‘पार्टी कशी आहे? पैसे वेळेवर देते का? आधी कोणाकडून माल उचलायची?’ ज्याला फोन केला तो ओळखीचा असतो, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. त्याने बुडव्या पार्टीची शिफारस केली तर पुढच्या वेळी त्याचं स्वतःचंच वजन घटतं. वर कोणी साहेब बसलेला नसतो, तरी बाजारात कोणाची पत किती हे सगळ्यांना साधारण ठाऊक असतं.

आता यातून दुकान काढून टाका. गाव, आडनाव, चेहरा, आवाज, सगळं काढा. उरतो एक लांबलचक आकडा, आणि तो म्हणतो, ‘तुला हवी ती फाईल माझ्याकडे आहे’ किंवा ‘तुझा संदेश माझ्यामार्फत पाठव’. विकेंद्रित जाळ्यात, म्हणजे ज्याच्या मध्यभागी मालकाचा सर्व्हर नाही अशा जाळ्यात, प्रत्येक संगणकापुढे रोज हीच परिस्थिती असते. समोरच्यावर विसंबायचं की नाही, हे कशावरून ठरवायचं? गेली पंचवीस वर्षं संगणकशास्त्रातले चांगले लोक या प्रश्नावर राबताहेत. त्यातून जे हाती लागलं ते आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना कळायला हवंच, पण ऑनलाइन माल विकू लागलेल्या कारखानदारांनाही कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मूळ अडचण नावाची आहे. अशा जाळ्यात ओळख म्हणजे किल्ल्यांची जोडी. एक किल्ली गुप्त ठेवायची आणि तिने आपल्या संदेशावर सही करायची. दुसरी जगजाहीर करायची, म्हणजे ती सही कोणालाही तपासून पाहता येते. गुप्त किल्ली हाताशी असल्याशिवाय अशी सही करता येत नाही, ही या पद्धतीची ताकद. त्यामुळे काल बोलणारा आणि आज बोलणारा एकच आहे, एवढं पक्कं कळतं. पण तो कोण आहे, आणि त्याच्या खिशात अशा आणखी किती जोड्या आहेत, हे अजिबात कळत नाही. साध्या लॅपटॉपवर नवी जोडी पापणी लवायच्या आत तयार होते. रात्रभर यंत्र चालू ठेवलं तर सकाळपर्यंत लाखो नावं हाताशी येतात आणि खर्च येतो तो थोड्या विजेचा.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या जॉन डूसर यांनी २००२ मध्ये या दुखण्यावर एक छोटा, पण फार महत्त्वाचा निबंध लिहिला. एकाच माणसाने हजार खोटी नावं घेऊन जाळ्यात शिरणं, याला तेव्हापासून सिबिल हल्ला म्हणतात (कर्जासाठी बघतात त्या ‘सिबिल’शी याचा संबंध नाही). ओळख पटवून देणारी एखादी मध्यवर्ती व्यवस्था नसेल, तर व्यवहारात असा हल्ला कायम शक्य राहतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मतदान घ्या, शिफारसी मागवा, तारे द्यायला सांगा. मत देणारे हजार जण खरोखर हजार आहेत की एकच, हे जाळ्याला ठरवता येत नाही. पुढे आलेली जवळजवळ प्रत्येक पद्धत पाहिली तर ती शेवटी एकच गोष्ट करते: नाव महाग करते. पैशाने, वेळेने, श्रमाने किंवा ओळखीने, पण नावामागे काहीतरी अडकवून ठेवते. जिथे असं काही अडकलेलं नाही, तिथे ‘पत’ या शब्दाला मी तरी फारसा अर्थ देत नाही.

सुरुवातीच्या काळात हे फारसं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. २००० च्या सुमारास नुटेला नावाचं फाईल वाटून घेण्याचं जाळं जोरात होतं. एटन आदार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी त्याच साली त्याची पाहणी केली. जवळजवळ ७० टक्के लोक घेत होते, देत काहीच नव्हते. आणि शोधाला मिळणाऱ्या उत्तरांपैकी निम्म्याच्या आसपास उत्तरं वरच्या एक टक्का यंत्रांकडून येत होती. मग कझा या जाळ्याने उपाय काढला. जो जास्त देईल त्याचा सहभागाचा आकडा वाढेल आणि त्याला रांगेत पुढे घेतलं जाईल. कल्पना चांगली होती, पण तो आकडा ज्याचा त्याच्या संगणकावरचा प्रोग्रामच मोजायचा आणि सांगायचा. लवकरच बदल केलेली आवृत्ती फिरू लागली, जी मालकाचा आकडा कायम सगळ्यात वरचा, १०००, असाच दाखवायची. स्वतःची पत किती याचा दाखला स्वतःच्याच सहीने मिळत असेल तर दुसरं काय होणार!

फाईल वाटून घेण्याच्याच बिटटोरंट या पद्धतीने २००१ मध्ये वेगळाच रस्ता धरला आणि मला तो आजही फार सुंदर वाटतो. ती बनवणाऱ्या ब्रॅम कोहेन यांनी पत साठवून ठेवण्याच्या भानगडीत न पडता विश्वासाची गरजच कमी केली. कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीची फाईल टोरंटने उतरवताना खिडकीतली सोबत्यांची यादी उघडून पाहा. एक ओळ जर्मनीतली, एक ब्राझीलमधली, एखादी पुण्यातली. प्रत्येकीपुढे किती टक्के फाईल आहे, किती वेगाने येतेय, किती वेगाने जातेय. यातल्या एकालाही तुम्ही ओळखत नाही. तरीही काम निर्धास्त चालतं, कारण मूळ फाईलचे हजारो तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला आकडा, टोरंट फाईल नावाच्या छोट्या यादीत आधीच लिहिलेला असतो. तुकडा आला की यंत्र त्याचा ठसा काढतं आणि ताडून पाहतं. तुकड्यातला एक बिट जरी बदललेला असला तरी ठसा जुळत नाही, तुकडा केरात जातो आणि पुन्हा मागवला जातो. देणारा चोर आहे की साव, हा प्रश्नच उरत नाही. विश्वास ठेवायचा तो एकाच गोष्टीवर, ती टोरंट फाईल तुम्ही कुठून घेतली यावर.

फुकट्यांचा बंदोबस्तही तिथल्या तिथे होतो. तुमचं यंत्र एका वेळी मोजक्याच सोबत्यांना माल देतं आणि दर दहा सेकंदांनी हिशेब करतं: मला सगळ्यात जास्त कोण देतंय? देणाऱ्याला चालू ठेवायचं, हात आखडणाऱ्याला बंद करायचं. पण एवढंच असतं तर नवख्याला कधीच सुरुवात करता आली नसती, कारण द्यायला त्याच्याकडे काही नसतं. म्हणून दर ३० सेकंदांनी एक जागा कोणाला तरी, मागचं काही न बघता, दिली जाते. त्यातून नवख्याला पहिला तुकडा मिळतो आणि तो देवाणघेवाणीत शिरतो. ज्यांच्याकडे पूर्ण फाईल आहे आणि जे केवळ वाटत बसले आहेत, त्यांना हा हिशेब लागू होत नाही, ते देतच राहतात. जशास तसं वागण्याची ही रीत दीर्घकाळ कशी टिकते, हे रॉबर्ट ॲक्सलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकावर घेतलेल्या स्पर्धांमधून दाखवून दिलं होतं. तिथे जिंकलेला प्रोग्राम सगळ्यात साध्या प्रोग्रामांपैकी होता: पहिली खेळी सहकार्याची, त्यानंतर समोरच्याने मागच्या वेळी केलं तेच आपण करायचं.

मात्र ही रीत चालते कारण समोरचा पुढची दहा-वीस मिनिटं तुमच्यासमोर असतो आणि माल ठसा लावून तपासता येतो. ज्याच्याशी आयुष्यात एकदाच गाठ पडणार आहे, किंवा ज्याच्या मालाचा ठसा आधी माहीत नाही, त्याचं काय? तिथे दुसऱ्यांचा अनुभव उसना घ्यावा लागतो.

स्टॅनफर्डमधल्या सेपंदार कामवार, मारिओ श्लॉसर आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी २००३ मध्ये यासाठी आयगनट्रस्ट ही पद्धत मांडली. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. समजा, जाळ्यातल्या रेणुकाच्या यंत्राने अंबादासकडून सहा फाईली नीट घेतल्या, इरफानकडून चार नीट घेतल्या आणि तिसऱ्या एकाकडून आलेल्या तिन्ही खराब निघाल्या. रेणुकाकडे वाटायला १०० गुण आहेत. ती ६० अंबादासला देते, ४० इरफानला, तिसऱ्याला शून्य. उणे गुण नाहीत, आणि कोणी कितीही व्यवहार केले तरी वाटायला गुण १००च. म्हणजे आरडाओरडा करणाऱ्याचं मत मोठं होत नाही. असं प्रत्येक जण आपापल्या अनुभवाप्रमाणे वाटतो.

खरी गंमत पुढच्या फेरीत आहे. आता प्रत्येकाच्या हाती आलेले गुण, मगाशी ठरलेल्या त्याच प्रमाणात, पुढे वाटले जातात. ज्याच्याकडे जास्त गुण आले त्याच्या शिफारशीला आपोआप जास्त वजन येतं. फेऱ्यांमागून फेऱ्या केल्या की काही वेळाने आकडे स्थिरावतात. तीच जाळ्याची सामूहिक पत. गूगलने वेबपानांचं महत्त्व मोजायला वापरलेलं गणित याच जातीचं.

यातही लबाडी शिरते. दहा खोट्या यंत्रांनी टोळी केली आणि फक्त एकमेकांनाच गुण दिले, तर बाहेरून चुकून आत आलेला प्रत्येक गुण टोळीतच फिरत राहतो, बाहेर पडतच नाही, आणि टोळी फुगत जाते. उपाय म्हणून प्रत्येक फेरीत गुणांचा एक ठरावीक हिस्सा काढून तो थेट काही आधीपासून भरवशाच्या यंत्रांना दिला जातो, बहुधा जाळं उभारणाऱ्यांनी सुरुवातीला लावलेल्या. टोळीतून गुण गळू लागतात आणि ती आपोआप सुकते. पण हा उपाय फुकट येत नाही. भरवशाची यंत्रं कोणती, हे कोणीतरी ठरवावं लागतं, म्हणजे मागच्या दाराने छोटंसं केंद्र परत आलंच. विकेंद्रीकरणाची भाषणं करणारे पुष्कळ जण ही गोष्ट झाकून ठेवतात. ती उघड सांगायला हवी, कारण लोकांनी प्रश्न तिथेच विचारायचा असतो: ते भरवशाचे कोण, आणि त्यांना काढायची सोय आहे का?

ओळखीच्या साखळीचा मार्ग याहून जुना. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हा ई-मेल गुप्त ठेवणारा प्रोग्राम काढला. त्यात तुम्ही माझी किल्ली समोरासमोर तपासून त्यावर सही करायची, मी दुसऱ्याच्या करायची, आणि अशा सह्यांच्या जाळ्यातून अनोळखी माणसाची किल्ली खरी की खोटी हे पडताळायचं. कागदावर हे फार लोकशाही वाटतं, पण सामान्य माणसाला ते कधी जमलं नाही. शिवाय या सह्या साठवणारे सर्व्हर कोणाचीही सही स्वीकारायचे आणि काही पुसायचे नाहीत. २०१९ मध्ये कोणीतरी या क्षेत्रातल्या दोन जाणकारांच्या किल्ल्यांवर कचरा सह्यांचा पूर सोडला, एकावर सुमारे दीड लाख. ती किल्ली उतरवून घेतली की प्रोग्राम गुदमरून बंद पडायचा. शिफारस करायला काहीच खर्च येत नसेल तर शिफारसच हत्यार बनते, हे यातून दिसलं.

बिटकॉइन या डिजिटल चलनाने खर्च सरळ विजेच्या बिलात घातला. २००८ च्या मूळ निबंधातच लिहिलंय की इंटरनेटच्या एका पत्त्याला एक मत ठेवलं तर पुष्कळ पत्ते मिळवणारा सगळं बळकावेल. म्हणून व्यवहारांची कोणती नोंद खरी यावरचं मत मोजायचं ते यंत्राने केलेल्या गणिती कष्टांवरून. लाख नावं घेतली तरी यंत्रं तेवढीच, त्यामुळे ताकद तेवढीच राहते. पण जाळं छोटं असेल तर ही ताकद विकत घेता येते. इथेरियम क्लासिक या छोट्या डिजिटल चलनाच्या जाळ्यावर २०१९ आणि २०२० मध्ये निम्म्याहून जास्त ताकद एकवटून झालेले व्यवहार उलटवले गेले. त्याच्या मोठ्या भावंडाने, इथेरियमने, सप्टेंबर २०२२ मध्ये वीज सोडून अनामत धरली. नोंदी तपासणाऱ्याने किमान ३२ ईथर (इथेरियमचं चलन) अडकवून ठेवायचे; एकाच वेळी दोन परस्परविरोधी गोष्टींवर सही केल्याचं सापडलं की त्यातला काही भाग कापला जातो आणि त्याला बाहेर काढलं जातं.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण आपल्या गावाशी तिचा संबंध आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि दुसरीकडे विणलेला माल सोलापुरी म्हणून विकला जातो ही जुनी तक्रार. ‘प्रत्येक चादरीवर कोड लावा, नोंद ब्लॉकचेनवर टाका, नक्कल संपली’ असं कोणी सांगायला आलं तर हुरळून जाऊ नका. लिहिलेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येत नाही, एवढंच ब्लॉकचेन, म्हणजे बिटकॉइनसारख्या जाळ्यांची सामायिक वही, सांगते. कोड ज्या कापडावर चिकटवला ते खरंच इथल्या मागावर विणलंय का, हे तिला दिसत नाही. खोटी नोंद पहिल्यांदाच टाकली तर ती खोटीच जपली जाते. माग बघून नोंद करणारा माणूस कोण आणि तो खोटं बोलला तर त्याचं काय जातं, हे आधी ठरवावं लागेल.

पैसा नको असेल तर किंमत वेळात घेता येते. इंटरनेटवर आपली ओळख झाकून वावरण्यासाठी टोर नावाचं जाळं आहे. ते स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालतं. तुमचा संदेश तीन टप्प्यांतून जातो. आज नवा संगणक त्यात जोडला तर त्याला लगेच महत्त्वाचं काम मिळत नाही. पहिले काही दिवस अगदी थोडी वाहतूक, मग त्याचा वेग बाहेरून मोजला जातो, आणि तो बरेच दिवस न थांबता चालला तरच त्याला पहिल्या टप्प्याचा पहारेकरी नेमतात. ही नेमणूक मोजके संचालक सर्व्हर मतदानाने करतात. तरीही ३० जानेवारी २०१४ रोजी एका गटाने ११५ यंत्रं एकदम जोडली आणि शांतपणे वाट पाहिली. हळूहळू पहारेकऱ्यांच्या एकूण क्षमतेचा सुमारे ६.४ टक्के भाग त्यांच्याकडे गेला आणि वापरणाऱ्यांची ओळख उघडी पाडण्याचा प्रयत्न झाला. ४ जुलैला टोरने ती यंत्रं काढून टाकली. थांबायची तयारी असलेल्याला वेळेचा अडसर अडवत नाही.

धीर धरणाऱ्या शत्रूचं याहून मोठं उदाहरण एक्सझेडचं. हा फाईली दाबून लहान करणारा मुक्त प्रोग्राम, लिनक्समध्ये जवळपास सगळीकडे असतो. तो सांभाळणारा माणूस मुख्यतः एकटा आणि थकलेला. २०२१ पासून जिया तान हे नाव घेतलेलं एक खातं त्याला मदत करू लागलं. कामं चांगली, बोलणं नम्र. दुसरी काही अनोळखी खाती ‘काम फार संथ चाललंय, नव्या माणसाला अधिकार द्या’ असा तगादा लावत राहिली. अधिकार मिळाले. आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या दोन आवृत्त्यांत, दूरच्या सर्व्हरमध्ये शिरता येईल असं चोरदार निघालं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं. त्यांनी पिच्छा पुरवला आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. दोन वर्षांहून जास्त काळ कमावलेली ती पत अगदी खऱ्या कामाची होती. पत मागचा हिशेब सांगते. पुढे काय करायचं हे समोरचा रोज नव्याने ठरवू शकतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काळजी नवख्यांची वाटते. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझनिक यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की नाव टाकून नवं घेणं स्वस्त असेल, तर प्रत्येक नवख्याकडे संशयानेच बघणं जाळ्याला भाग पडतं, कारण तो परत आलेला बुडव्या असू शकतो. बुडव्याच्या पापाची किंमत प्रामाणिक नवखा भरतो. म्हणूनच बिटटोरंटची ती ३० सेकंदांची जागा मला मोलाची वाटते. आयगनट्रस्टमध्येही दहातल्या एका वेळी पत शून्य असलेल्या यंत्राला संधी द्यायची तरतूद होती. जाळं आखणाऱ्याने नवख्यासाठी काय ठेवलंय, हे मी आधी बघतो.

आपल्या टॉवेल विकणाऱ्यांसाठी यातला व्यवहाराचा भाग असा. मोठ्या शॉपिंग ॲपवर वर्षानुवर्षं मिळवलेले तारे त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात. खातं बंद झालं की तारे गेले. भारतात ओएनडीसी या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या खुल्या जाळ्याची कंपनी डिसेंबर २०२१ मध्ये नोंदली गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये चाचणी सुरू झाली. तिथे ग्राहकाचं ॲप वेगळं आणि विक्रेत्याचं वेगळं असू शकतं. प्रत्येक सहभागी कंपनीची जाहीर किल्ली नोंदवहीत असते आणि संदेशांवर सही असते. म्हणजे कोण बोललं हे पक्कं कळतं. पण ग्राहकाने दिलेला अभिप्राय विक्रेत्याच्या मालकीचा व्हावा आणि तो उद्या दुसऱ्या ॲपवर नेता यावा, ही पुढची पायरी आहे. त्यासाठी लागणारे सहीबंद डिजिटल दाखले तांत्रिकदृष्ट्या तयार आहेत.

पेच वेगळाच आहे. अभिप्राय विक्रेत्याच्या हाती दिले, तर तो चांगले दाखवेल आणि वाईट गाळेल. प्रत्येक दाखल्यावर ग्राहकाची सही असूनही पुंजका खोटाच ठरेल. म्हणून व्यवहार झाल्या क्षणी त्याला क्रमांक देऊन, ज्यात फक्त भर घालता येते अशा उघड वहीत त्याचा ठसा टाकायचा, असा मार्ग आहे. वेबसाइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांसाठी अशा वह्या २०१३ पासून वापरात आहेत. मजकूर विक्रेत्याकडेच राहतो, पण ४१७ नंतर थेट ४१९ दाखवला तर ४१८ कुठे गेला, हे कोणत्याही ग्राहकाचं ॲप विचारू शकतं. त्या वहीत खोट्या ग्राहकांचे व्यवहार भरले जाऊ नयेत यासाठी प्रत्येक नोंदीमागे खरं पेमेंट लागेल. त्या पेमेंटचा पुरावा ग्राहकाचं नाव न सांगता कसा द्यायचा, यावर सध्या बरंच काम चालू आहे.